लॅमचा पॅच तपासायला घेताना

इंटेलचं लॅम, म्हणजे लिनिअर ॲड्रेस मास्किंग, चालू असलं की ६४ बिटी पॉइंटरच्या वरच्या बिटांत प्रोग्रामला आपली खूण ठेवता येते. प्रोसेसर ती बाजूला सारून पत्ता वाचतो. गेस्टला, म्हणजे व्हर्च्युअल मशीनला, ही सोय देणारा बदल (पॅच) केव्हीएममध्ये, म्हणजे व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या लिनक्सच्या हायपरव्हायजरमध्ये आला, की कोड उघडण्याआधी एक गोष्ट मनात पक्की करा. रोजचं वाचन-लेखन प्रोसेसरच सांभाळतो. हायपरव्हायजरचा हात लागतो तो मुख्यतः जिथे तो गेस्टची इन्स्ट्रक्शन प्रोसेसरऐवजी स्वतः सॉफ्टवेअरमध्ये चालवतो, म्हणजे एम्युलेट करतो, तिथे. त्यामुळे चुकलेल्या पॅचवरही गेस्ट व्यवस्थित बूट होतो आणि दिवसचे दिवस चालतो.

मी आधी मास्किंगचं फंक्शन वाचतो. वरचे बिट नुसते शून्य केलेले दिसले तर पॅच तिथेच परत पाठवा, कारण कर्नलच्या पॉइंटरमध्ये तेच बिट १ लागतात. लॅमचे दोन प्रकार आहेत: यू५७मध्ये पत्ता ५७ बिटांचा, यू४८मध्ये ४८ बिटांचा. बिट शून्यापासून मोजले तर यू५७मध्ये ५६वा आणि यू४८मध्ये ४७वा बिट वरपर्यंत पसरवायचा आणि मूळचा ६३वा बिट जसाच्या तसा ठेवायचा. पॉइंटर युजरचा की सुपरवायझरचा (म्हणजे कर्नलचा), हेही ६३व्या बिटावरूनच ठरतं. त्यासाठी कुणी सीपीएल, म्हणजे चालू कोडची अधिकारपातळी, तपासत असेल तर ते चूक आहे. कर्नलही युजरचे पॉइंटर वापरतोच.

मग एक पत्ता कागदावर चालवून बघा. हेक्समध्ये घ्या ०१०० ०००० ००४० १०००. यात ५६वा बिट १ आहे. यू४८ असेल तर तो खुणेत जातो आणि ०००० ०००० ००४० १००० उरतं. यू५७ असेल तर तोच बिट पत्त्याचा भाग ठरतो, ६३व्याशी जुळत नाही, आणि जनरल प्रोटेक्शन फॉल्ट (पत्ता अवैध असल्याची प्रोसेसरची तक्रार) यायलाच हवा. सीआर३मध्ये, म्हणजे पेज टेबलचा पत्ता ठेवणाऱ्या रजिस्टरमध्ये, यू५७ आणि यू४८ दोन्ही लावले असतील तर यू५७चं चालतं.

जिथे मास्क करायचंच नाही त्या जागा मला जास्त महत्त्वाच्या वाटतात, कारण त्या डिफमध्ये, म्हणजे बदललेल्या ओळींच्या यादीत, दिसत नाहीत. इन्स्ट्रक्शन फेच, इन्व्हएलपीजी (टीएलबीतली पत्त्याची नोंद पुसणारी इन्स्ट्रक्शन), एमएसआर नावाच्या खास रजिस्टरांमध्ये लिहिले जाणारे पत्ते: इथे लॅम लागू नाही. पेज फॉल्टनंतर ज्या सीआर२ रजिस्टरमध्ये चुकलेला पत्ता येतो, त्यातही खूण तशीच राहते.

सीआर३चे ६१ आणि ६२ हे बिट लॅमचे. गेस्टच्या सीपीयूआयडीत (प्रोसेसरच्या सोयींच्या यादीत) लॅम नसेल तर ते राखीवच राहिले पाहिजेत. एकदा मी फक्त ईपीटी (गेस्टचे पत्ते हार्डवेअरनेच उलगडण्याची सोय) चालू ठेवून चाचणी बघितली आणि पॅचला मान्यता दिली. शॅडो पेजिंगवर, म्हणजे ईपीटीशिवाय हायपरव्हायजर स्वतः पेज टेबल बनवतो तेव्हा, मात्र ते बिट न गाळताच सीआर३मधून पेज टेबलचा पत्ता काढला जात होता. नसलेल्या पानाचा पत्ता निघे आणि गेस्ट ट्रिपल फॉल्टने (फॉल्ट हाताळतानाच पुन्हा फॉल्ट येत गेल्याने) कोसळे. दोष माझ्या नजरेतून सुटला होता. तेव्हापासून मी ईपीटी बंद करूनही चाचणी मागतो, आणि गेस्टचे लॅम बिट शॅडोच्या सीआर३मध्ये पोचतात का तेही बघतो. एम्युलेशनची वाट तपासायला केव्हीएमचं फोर्स एम्युलेशन प्रीफिक्स पॅरामीटर (खास खूण लावलेली इन्स्ट्रक्शन मुद्दाम एम्युलेट करायला लावणारं) चालू करून घ्या; एरवी त्या ओळी चाचणीत क्वचितच चालतात.