कढीपत्ता आणि मायाळू एका आळ्यात नकोत: पुनर्वसूच्या आधी निचरा बघा

आर्द्रा नक्षत्र सरत आले. ५-६ जुलैला पुनर्वसू लागेल आणि २० जुलैच्या आसपास पुष्य. पुनर्वसूचा तरणा आणि पुष्याचा म्हातारा, या दोन पावसांमुळे परसातले कढीपत्ते जेवढे मरतात तेवढे वर्षभरात दुसऱ्या कशानेही मरत नाहीत. बाकीची कामे चार दिवस पुढे गेली तरी चालतील, पण कढीपत्त्याच्या बुंध्याशी पाणी तुंबते का, हे याच आठवड्यात बघा.

जागा थोडी आहे, कढीपत्ता लावू की मायाळू, असे दर पावसाळ्यात विचारले जाते. दोन्ही लावा. कढीपत्ता बारमाही हिरवा, लिंबाच्या कुळातला, एकदा रुजला की वर्षानुवर्षे फोडणीला पुरणारा. मात्र पहिले वर्ष त्याला ओरबाडायचे नाही. मायाळू, म्हणजे काही भागांतली वेलबोंडी, लावल्यापासून साधारण दीड महिन्यात ताटात येते. पालक-मेथी पावसाने झोडपली जाते तेव्हा हाच वेल भाजीला आणि भज्यांना पाने देतो. दोघांचा उपयोग वेगळा आणि पाण्याची गरज तर अगदीच वेगळी. मायाळूला सतत ओल आवडते. कढीपत्त्याच्या मुळांना हवा लागते.

नुकसान होते ते दोघांना एकत्र लावल्यामुळे. मांडवाचा खर्च वाचावा म्हणून कढीपत्त्याच्या बुंध्याशीच मायाळूचे छाट खोचले जातात, वेल झाडावर चढतो. मोरीचे पाणीही त्याच आळ्यात सोडलेले असते. मायाळू तळहाताएवढ्या पानांनी भरून येते आणि घरची माणसे खूश असतात. खाली कढीपत्त्याची बारीक पांढरी मुळे गुदमरून सडू लागलेली असतात, ती कुणाला दिसत नाहीत. वरून वेलाचा गच्च पडदा असल्याने बुंध्याशी ऊन नाही, वारा नाही. काळ्या, चुनखडीच्या जमिनीत तर साबणाचे पाणी आणखी घात करते. कोकणात जांभ्याच्या जमिनीत निचरा चांगला म्हणून लोक निर्धास्त असतात, पण कातळ फोडून केलेल्या खड्ड्याला खाली वाट नसेल तर तोही हौदच.

यातली सगळ्यात फसवी गोष्ट वेळेची आहे. मुळे सडतात जुलै-ऑगस्टमध्ये, झाड वाळते ऑक्टोबरच्या उन्हात. तोवर ढगाळ हवेत उरलेल्या मुळांवर ते तग धरून असते. ऊन तापले की माना टाकते, आणि मालक म्हणतो, उन्हाने सुकले, अजून दोन बादल्या घाला. त्या दोन बादल्या शेवटच्या ठरतात.

पाने पिवळी पडली की दुसरी चूक होते. पान खिशात घालून माणूस थेट दुकानात जातो आणि सूक्ष्म अन्नद्रव्यांची बाटली, ह्युमिक आम्ल, वर एखादे ‘टॉनिक’ घेऊन परत येतो. दुकानदाराने तुमचे आळे पाहिलेले नसते. सडलेले मूळ महागातले अन्नही उचलू शकत नाही. म्हणून आधी बुंध्यापासून फूटभर अंतरावर हाताने माती उकरा. बोटाएवढी मुळे तोडू नका, फक्त बारीक मुळे बघा. ती पांढरट आणि कडक असतील तर ठीक. तपकिरी असतील, ओढल्यावर साल म्यानासारखी निघून आत दोरा उरत असेल आणि मातीला कुबट वास येत असेल, तर रोग पाण्याचा आहे. मुळे निरोगी असूनही कोवळ्या पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा दिसत असेल, तरच लोहाची कमतरता समजा. त्यालाही महाग बाटली नको. ५० ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि १० ग्रॅम सायट्रिक आम्ल १० लिटर पाण्यात मिसळून उघडीप पाहून फवारा, आणि पुढचे दोन आठवडे ती पाने तोडू नका.

माझा एक ठोकताळा आहे, कुठल्या शिफारशीत सापडणार नाही. माती ओली आहे, दुपारी शेजारची मायाळू टवटवीत उभी आहे आणि कढीपत्त्याची पाने लोंबलेली आहेत, तर समजा की पाणी जास्त झाले. नवे झाड लावायला जागा शोधताना मी आधी मुंग्यांची बिळे बघतो. जिथे त्या भर पावसात टिकून आहेत तिथे पाणी साचत नाही.

खात्रीसाठी उघडीप मिळताच हातभर खोल खड्डा काढा, बादलीभर पाणी ओता, ते जिरले की पुन्हा भरा. दुसऱ्या वेळी पाणी तासाला बोटभरही उतरत नसेल तर त्या जागी कढीपत्ता सपाट जमिनीवर लावायचा नाही. फूट-दीड फूट उंच मातीचा वरवंडा करून त्यावर लावा.

आधीच लावलेल्या झाडाचे आळे आजच मोडा. बुंध्याला चढवलेली जादा माती काढा आणि उताराच्या बाजूने वीतभर रुंद, फूटभर खोल चर काढून पाणी बाहेर काढा. मायाळू त्याच चराच्या खालच्या अंगाला, कढीपत्त्यापासून पाच-सहा फुटांवर न्या आणि कुंपणावर किंवा काठ्यांच्या मांडवावर चढवा. वाहून आलेली ओल तिला पुरते. मात्र तुंबलेले पाणी तिलाही सोसत नाही, तिथे ती बुडातून सडते.

चर काढून झाल्यावरच औषधाचा विचार करा. ५ किलो चांगल्या कुजलेल्या शेणखतात ५० ग्रॅम ट्रायकोडर्मा (मुळे सडवणाऱ्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) मिसळून झाडाच्या घेराखाली पसरा. बुंध्याची साल ओलसर काळी पडली असेल तर कोरड्या दिवशी बोर्डो पेस्ट लावा: १०० ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट), १०० ग्रॅम कळीचा चुना, १ लिटर पाणी. मोरचूद आणि चुना वेगवेगळ्या प्लास्टिकच्या भांड्यांत भिजवून मग एकत्र करा. पेस्ट मुळांशी सांडू देऊ नका, मोरचुदातल्या तांब्याने ट्रायकोडर्मा मरतो.

कुंडीत कढीपत्ता असेल तर पावसाळाभर खालची ताटली काढून ठेवा. बाल्कनीतली बरीच झाडे त्या ताटलीनेच मरतात.

नेहमीची कामे:
– मायाळूचे ३-४ डोळ्यांचे, वीतभर छाट आत्ता लावणे. दोन वेलांत फूट-दीड फूट अंतर
– बी लावायचे तर रात्रभर भिजवणे
– पानांवर लालसर कडेचे गोल ठिपके दिसताच ती पाने तोडून जाळणे
– कढीपत्ता मीटरभर उंच झाला की शेंडा खुडणे
– बुंध्याजवळ खोल खांदणी टाळणे
– गुरांना, शेळ्यांना अटकाव

किडीचे थोडक्यात. कढीपत्त्याच्या कोवळ्या पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी लिंबावरच्या फुलपाखराची असते, मोठी झाली की हिरवी होते. परसातल्या एका झाडासाठी ती हाताने वेचणे पुरते. शेंड्यांवर सिला किंवा मावा (दोन्ही रस शोषणाऱ्या बारीक किडी) वाढला तर ५ टक्के निंबोळी अर्क, म्हणजे १० लिटर पाण्याला ५०० ग्रॅम निंबोळी पावडर रात्रभर भिजवून, गाळून फवारा. आंतरप्रवाही, म्हणजे झाडाच्या रसात भिनणारे कीटकनाशक कढीपत्ता किंवा मायाळू, दोन्हींवर नको. पाने आपण थेट खातो, आणि भारतातून युरोपात जाणाऱ्या कढीपत्त्यावर कीडनाशकांच्या अंशांसाठी जादा तपासणी लागली ती अशाच फवारण्यांपायी. मायाळूच्या मुळांवर गाठी दिसल्या तर सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारे डोळ्यांना न दिसणारे कृमी, आहेत. तो वेल मुळासकट काढून जाळा, पुढच्या वेळी जागा बदला आणि ती माती कढीपत्त्याकडे नेऊ नका.

दिवस लहान होऊ लागले की मायाळू फुलावर येते, पाने बारीक होतात. तोवर तोडा चालू ठेवा. थंडीत कढीपत्त्याची वाढ थांबते, तेव्हा त्याला खत आणि जादा पाणी देऊन जागवायला जाऊ नका.

अर्ध्याहून अधिक मुळे सडली असतील तर वरचा तिसरा हिस्सा छाटा, म्हणजे उरलेल्या मुळांवरचा भार कमी होईल. लांबच्या मुळातून फुटवा आला असेल तर तो मुळासकट सोडवून वरवंड्यावर लावा. फुटवा नसेल तर शेजारच्या निरोगी झाडाची पिकून काळी झालेली फळे जुलै-ऑगस्टमध्ये मिळतात. गर धुऊन बी त्याच दिवशी पिशवीत लावा. दोन-तीन आठवड्यांत त्याची उगवणशक्ती जाते, त्यामुळे पाकिटातले वाळके बी विकत घेऊ नका.