देशाची जमीन वर्षागणिक कशी मोजावी? सुरुवात सातबाऱ्यापासून

सातबाऱ्यावर क्षेत्राचे रकाने वेगळे असतात: लागवडीयोग्य किती, पोटखराबा (लागवडीला न येणारी जमीन) किती आणि एकूण किती. आमच्या सोलापूरकडे बांधावरून भांडणारे भाऊसुद्धा आधी विचारतात, "पोटखराब्यासकट सांगतोस का तो सोडून?" देशाचा आकडा ऐकताना मात्र हे कुणी विचारत नाही. भारताचं भौगोलिक क्षेत्र 32,87,263 चौ. किमी आणि जागतिक बँकेच्या तक्त्यात भारताची 'जमीन' 29,73,190. दुसऱ्या आकड्यात नद्या-तलावांचं पाणी धरत नाहीत. तेव्हा वहीत पहिली ओळ हीच लिहा: कोणतं क्षेत्र मोजतोय, आणि कोणत्या तारखेची हद्द धरून.

हद्दीचा रकाना आधी भरा

गोवा डिसेंबर 1961 मध्ये आलं, 3,702 चौ. किमी. सिक्कीम 16 मे 1975 ला, 7,096. 31 जुलै 2015 च्या मध्यरात्री बांगलादेशाशी छिटमहालांची, म्हणजे एका देशाच्या पण चहूबाजूंनी दुसऱ्या देशाने वेढलेल्या तुकड्यांची, अदलाबदल झाली. आपण 111 दिले (17,160.63 एकर), 51 घेतले (7,110.02 एकर). नुसत्या या व्यवहारात सुमारे 40 चौ. किमी गेले. आता जागतिक बँकेच्या तक्त्यात भारताची ओळ बघा: 1961 पासून तोच आकडा. असा न हलणारा आकडा दिसला की समजावं, हद्द हलली तरी तक्ता हललेला नाही. त्यावरून आलेख काढून 'साठ वर्षं जमीन जैसे थे' असं म्हणणं म्हणजे वाटणी झाल्यावर आजोबांचा उतारा दाखवणं.

तळटीप वाचायला विसरू नका. 2011 च्या जनगणनेत स्पष्ट लिहिलंय की एकूण क्षेत्रात पाकिस्तानच्या ताब्यातले 78,114, पाकिस्तानने चीनला दिलेले 5,180 आणि चीनच्या ताब्यातले 37,555 चौ. किमी धरले आहेत. दुसऱ्या देशाच्या किंवा संस्थेच्या तक्त्याशी तुलना करताना पहिली तफावत इथेच निघते.

मग स्वतः मोजून बघा

संगणकावर क्यूजीआयएस हे नकाशे मोजायचं सॉफ्टवेअर टाका, फुकट आहे. एकदम देशाला हात घालू नका, ज्याचं उत्तर माहीत आहे ते आधी मोजा. सोलापूर जिल्हा 14,895 चौ. किमी. मी पहिल्यांदा मोजला तेव्हा 16,400 च्या घरात निघाला. करमाळ्यापासून अक्कलकोटपर्यंत हद्द परत तपासली, ती बरोबर होती. घोळ नकाशाच्या प्रक्षेपणात, म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवायच्या पद्धतीत होता. मोबाइलवरच्या नकाशांचं मर्केटर प्रक्षेपण विषुववृत्तापासून जितकं लांब जावं तितकं क्षेत्र फुगवतं: सोलापूरला साधारण 10 टक्के, लेहला 46 टक्के. म्हणून मोजण्याआधी समक्षेत्र (क्षेत्र न फुगवणारं) प्रक्षेपण निवडा. जिल्हा जमला की त्याच रीतीनं देश.

जमीन खरोखर कमी-जास्त झाली का?

समुद्र हटवून जमीन करणारे देश आहेत. सिंगापूर 1960 च्या सुमारास 581 चौ. किमी होतं, आज 730 च्या वर आहे. नेदरलँड्सचा फ्लेव्होलँड प्रांत तर उभाच आहे समुद्रातून काढलेल्या जमिनीवर. आपल्याकडे उलटा प्रकार, म्हणजे पाण्याखाली जाणारी जमीन, बघायला उजनी धरण जवळ आहे.

सेंटिनेल-2 उपग्रहाची चित्रं फुकट मिळतात. त्यातला एक चौकोन 10 मीटर बाय 10 मीटर. आपल्या मोजणीची साखळी 33 फुटांची, म्हणजे 10 मीटर आणि वर सहा सेंटिमीटर. साखळीचा चौरस म्हणजे एक गुंठा. तेव्हा पडद्यावरचा एक चौकोन जवळजवळ एक गुंठा, आणि चाळीस चौकोन म्हणजे एक एकर! हे लक्षात आलं त्या दिवशी मला फार मजा वाटली. लँडसॅट या जुन्या उपग्रहमालिकेच्या बहुतेक चित्रांत चौकोन 30 मीटरचा, म्हणजे जवळजवळ नऊ गुंठ्यांचा. जुनं-नवं शेजारी ठेवाल तर आधी दोन्ही एका मापावर आणा, नाहीतर काठ नुसत्या चित्रामुळेच सरकल्यासारखा दिसेल.

पाणी ओळखायला हिरव्या पट्ट्यातून (चित्रातली हिरव्या प्रकाशाची नोंद) जवळचा अवरक्त पट्टा (डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाची नोंद) वजा करा आणि दोघांच्या बेरजेने भागा. उत्तर शून्याच्या वर आलं तर सहसा पाणी. ते चौकोन मोजा. काठावरच्या चौकोनात अर्धा चिखल, अर्धं पाणी असतं. ते कुठे धरायचे ते एकदाच ठरवा आणि दरवर्षी तसेच धरा.

माप बदललं म्हणून आकडा बदलला, असंही होतं. आपला समुद्रकिनारा 7,516.6 किमी होता, आता सरकारी आकडा 11,098.81 आहे. किनारा वाढला नाही, जास्त बारकाईच्या नकाशावर खाड्या-वळणं मोजली गेली. याची नोंद वेगळ्या रकान्यात करा, हद्दीत किंवा जमिनीत मिसळू नका.

आणि महिना पक्का करा. पावसाळ्यात ढग असतात, म्हणून चित्र ऑक्टोबरचं किंवा मे महिन्याचं घ्या. उजनीत ऑक्टोबरला जिथे मासेमारीच्या होड्या असतात, तिथेच पाणी ओसरलं की गाळपेर (उघड्या पडलेल्या गाळात पेरणी) होते. एका वर्षी मे आणि पुढच्या वर्षी ऑक्टोबर घेतलात, तर तो सगळा पेरा तुमच्या तक्त्यात 'जमीन बुडाली' म्हणून चढेल.