तांदळाच्या ताटातलं नाव: बाईच्या ओळखीवर इंटरॅक्टिव्ह वेब आर्ट कसं करायचं

बाईच्या ओळखीवर वेब आर्ट, म्हणजे ब्राउझरमध्ये उघडून बघायची कलाकृती, करायचं ठरलं की बऱ्याच जणी आधी आरसा, मुखवटा, अर्धा चेहरा असलं काहीतरी डोक्यात घेतात आणि मग कोडिंग कुठून शिकू हे शोधत बसतात. मी सांगेन आधी एक कृती शोधा. हाताने करायची, आपल्या घराघरात बायका खरंच करतात किंवा त्यांच्यासोबत केली जाते अशी. ती कृती स्क्रीनवर बघणारीला स्वतःच्या बोटाने करायला लावायची. नुसतं क्लिक करून पुढचं चित्र आलं तर तो स्लाइड शो झाला, तिच्या बोटामुळे काहीतरी घडलं किंवा मोडलं आणि ते तिला जाणवलं तरच त्याला इंटरॅक्टिव्ह म्हणण्यात अर्थ आहे.

मी इथे एकच उदाहरण शेवटपर्यंत नेते म्हणजे सगळं नीट कळेल. लग्नानंतर सासरी लक्ष्मीपूजनाला ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा सोन्याच्या अंगठीने त्यात बायकोचं नवीन नाव लिहितो, बऱ्याच मराठी घरांत ही पद्धत होती आणि काही घरांत अजून आहे. आडनाव तर बदलतंच, मधलं वडिलांचं नाव जाऊन नवऱ्याचं येतं, आणि जिथे पहिलं नावही बदलतात तिथे जन्मापासूनचं एकही अक्षर उरत नाही. नवऱ्याचं नाव लावलंच पाहिजे असा कायदा नाहीये, तरी शाळेचा दाखला एका नावाने, आधार दुसऱ्या नावाने आणि सातबाऱ्यावर तिसरंच, अशा बायका प्रत्येक तालुक्यात भेटतील. म्हणून आपलं वेब आर्ट असं: स्क्रीनवर तांदळाचं ताट, त्यात तुमचं एक नाव आधीच लिहिलेलं, आणि वर फक्त एक ओळ, ‘आता नवीन नाव लिहा’. जागा तेवढीच आहे, त्यामुळे नवीन लिहिताना जुनं विस्कटणारच. ताटाच्या स्क्रीनवर यापलीकडे समजावून सांगणारा एक शब्दही घालायचा नाही, बोटाला जे कळतं ते परिच्छेद लिहून कळत नाही.

सुरू करण्याआधी दोन कामं जरूर बघा. ओल्या लियालिना या रशियन कलाकाराने १९९६ साली युद्धावरून परतलेला प्रियकर आणि त्याची मैत्रीण यांच्यातलं अवघडलेलं बोलणं नुसत्या एचटीएमएल फ्रेम्समध्ये, म्हणजे वेब पानाच्या साध्या चौकटींमध्ये, मांडलं. क्लिक कराल तसे स्क्रीनचे तुकडे लहान लहान होत जातात, सगळं काळंपांढरं, आणि ते आजही ब्राउझरमध्ये उघडतं. साधं तंत्र वापरलं तर काम टिकतं हे त्यातून शिकण्यासारखं आहे. दुसरं आपल्या मुंबईच्या शिल्पा गुप्ता यांचं, आडनाव बदललेल्या शंभर माणसांच्या गोष्टी सांगणारं, त्यात फोटो मधोमध कापून वेगळे लावलेत. ते वेबवरचं काम नाही पण नाव तुटणं म्हणजे काय हे डोळ्यांना कसं दाखवायचं ते तिथे कळतं.

आता माहिती गोळा करणं, आणि इथे घाई करू नका, कारण प्रोजेक्टचा जीव यातच आहे. ‘तुमची ओळख काय’ असं विचारलंत तर समोरची बाई भाषण तरी देईल किंवा गप्प तरी बसेल. छोटे, हाताला लागणारे प्रश्न विचारा. दिवसभरात तुम्हाला सगळ्यात जास्त कुठल्या नावाने हाक मारतात? माहेरी गेल्यावर कुठल्या? नवऱ्याच्या मोबाईलमध्ये तुमचा नंबर कुठल्या नावाने सेव्ह आहे? बँकेत नाव पुकारलं की चटकन उठता का एक क्षण थांबता? तुमचं माहेरचं पूर्ण नाव शेवटचं कुणी घेतलं? या प्रश्नांची उत्तरं ऐकताना कळतं की ‘अहो’, ‘वहिनी’, ‘पिंट्याची आई’, ‘पाटलांची सून’ ही सगळी नावंच आहेत आणि एकेक बाई त्या सगळ्यांना ओ देत असते.

आणि फक्त लग्न झालेल्या बायकांशी बोलून थांबू नका. साताऱ्यात २०११ साली ‘नकुशा’ नावाच्या २८५ मुलींचं नव्याने नामकरण केलं होतं, मुलगी नको होती म्हणून नावच नकुशा ठेवलेलं, त्यांच्यासाठी नवं नाव म्हणजे मोकळा श्वास होता. ट्रान्स बायकांनी आपलं नाव स्वतः निवडलेलं असतं, तिथे जुनं नाव स्क्रीनवर दिसणं हाच त्रास. घटस्फोट झालेली, नवरा गेलेली, लग्नच न केलेली, नवऱ्याचं आडनाव आवडीने लावणारी, प्रत्येकीचं वेगळं. म्हणून ‘जुनं नाव गेलं, वाईट झालं’ असा एकच निकाल कोडमध्ये बसवू नका. सुरुवातीला कुठलं नाव ताटात ठेवायचं हे बघणारीने ठरवावं, आणि रिकामं ताट घेऊन सुरू करायचा पर्यायही हवाच. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि मग आडनाव असा क्रम सक्तीचा झाला, म्हणजे आईचं नाव निदान पुढच्या पिढीच्या कागदावर आलं, पण त्याच निर्णयात लग्न झालेल्या बाईसाठी तिच्या नावापुढे नवऱ्याचं नाव लावायची चालू पद्धत तशीच ठेवलीये. या दोन गोष्टी शेजारीशेजारी दाखवण्यासारख्या आहेत, जमलं तर शेवटच्या स्क्रीनवर ठेवा.

आता बांधायला घेऊ. कोडिंग नवीन असेल तर पी-फाइव्ह डॉट जेएस (p5.js) घ्या, ती कलाकारांसाठीच बनवलेली जावास्क्रिप्ट लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच आहे, फुकट आहे आणि ब्राउझरमध्येच एडिटर मिळतो. एक व्हर्जन ठरवा आणि ती फाइल आपल्याच फोल्डरमध्ये ठेवा, बाहेरच्या लिंकवर अवलंबून राहू नका. मागे पितळी रंगाचं गोल ताट काढायचं आणि त्यावर तीन-चार हजार तांदळाचे दाणे, प्रत्येक दाणा म्हणजे एक लांबट गोल, थोडा वेगळा कोन, थोडा वेगळा पांढरा. सगळे एकाच कोनात ठेवलेत तर तांदूळ वाटणारच नाही, छापील कापड वाटेल.

नाव तांदळात ‘लिहायचं’ कसं? पडद्यामागे एक न दिसणारा कॅनव्हास, म्हणजे पानावरचा चित्र काढायचा कोरा चौकोन, करा, त्यावर पांढऱ्यावर काळ्या रंगात ते नाव मोठ्या अक्षरात काढा, मग दाणा टाकायच्या आधी त्या जागेचा पिक्सेल बघा, काळा असेल तर दाणा टाकू नका. अक्षराच्या जागी ताटाचं पितळ उघडं पडतं, अगदी अंगठीने रेघ ओढल्यासारखं. बोट फिरवताना उलट हिशोब, बोटापासून साधारण वीस पिक्सेलच्या आत आलेला प्रत्येक दाणा बोटापासून लांब ढकलायचा. दाणा गायब करायचा नाही हं, ढकलायचाच, कारण ढकललेले दाणे जुन्या अक्षराच्या खाचेत जाऊन पडतात आणि जुनं नाव बुजत जातं, सगळा अर्थ त्या बुजण्यात आहे. ते बघताना लोक बोट उचलून क्षणभर थांबतात.

देवनागरीत हमखास अडकायच्या जागा आहेत, त्या सांगते. पी-फाइव्हच्या जुन्या, म्हणजे एक पॉइंट काहीतरी व्हर्जनमध्ये फॉन्टची फाइल त्याच्या स्वतःच्या लोड-फॉन्ट (loadFont) या कमांडने घेतली तर जोडाक्षरं फुटतात आणि वेलांटी भलतीकडे जाते, ‘स्मिता’ वाचताच येत नाही. फॉन्ट सीएसएसमधून, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या कोडमधून घ्या आणि टेक्स्ट-फॉन्टमध्ये (textFont) फक्त त्याचं नाव द्या, मग अक्षर जुळवायचं काम ब्राउझर करतो आणि तो ते बरोबर करतो. शिवाय फॉन्ट पूर्ण उतरल्याची खात्री झाल्यावरच नाव काढा, कॅनव्हास फॉन्टसाठी थांबत नाही, समोर असेल त्यात काढून मोकळा होतो. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे मुक्ता आणि बलू हे फॉन्ट मोफत आहेत, तांदळासाठी बलूची जाड गोलसर अक्षरं छान उठतात. पानाच्या एचटीएमएलमध्ये भाषा मराठी आहे हे लिहा, बऱ्याच फॉन्टमध्ये त्यामुळे ल आणि श मराठी वळणाचे येतात. अक्षरांमधली जागा सीएसएसने वाढवू नका, शिरोरेघ तुटते. आणि नाव एकेक अक्षर करून दाखवायचं असेल तर शब्द तोडायची नेहमीची स्प्लिट कमांड वापरलीत की काना-मात्रा वेगळ्या पडतात, त्याऐवजी ब्राउझरमधला इंटल-सेगमेंटर (Intl.Segmenter) वापरा, त्याला भाषा मराठी द्या. जुन्या ब्राउझरवर तोही जोडाक्षर हलन्तापाशी तोडतो, म्हणून ‘लक्ष्मी’, ‘ज्योत्स्ना’, ‘प्रज्ञा’ ही नावं टाकून बघा. बाईच्या नावावरच काम करतोय आणि तिचं नाव मोडकं दिसलं तर बाकी सगळं फुकट.

फोनवर आधी करा, लॅपटॉपवर नंतर. आपली बघणारी मंडळी साध्या अँड्रॉइडवरच उघडणार. माउस वर नेला की काहीतरी होतं अशी कुठलीही गोष्ट ठेवू नका, बोटाला ते माहीतच नाही. कॅनव्हासला सीएसएसमध्ये टच-ॲक्शन नन (touch-action: none) द्या, नाहीतर लिहिताना पानच वरखाली सरकतं. पी-फाइव्हमधली पिक्सेल डेन्सिटी (pixelDensity), म्हणजे चित्र किती बारकाईने काढायचं ते, एकवर ठेवा आणि बोट चालू नसताना चित्र परत परत काढणं थांबवा, बॅटरी वाचते आणि फोन तापत नाही. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी स्क्रीन रीडरला वाचता येईल असं वर्णन लिहा, ‘ताटातलं सुमन हे नाव आता अर्धं बुजलंय’ असं, आणि बोटाने लिहिता येत नसेल तर टाइप करायची सोय ठेवा.

आवाज घालायचा तर मला उखाण्यासारखी दुसरी गोष्ट दिसत नाही. एरवी उखाण्यात नवऱ्याचं नाव घ्यायचं असतं, तुम्ही बायकांना सांगा की स्वतःचं नाव घ्या. म्हणजे असं काहीतरी:

ताटात पसरले तांदूळ, त्यावर ठेवलं पान,
सुमन माझं नाव, आणि तोच माझा मान.

आधी लाजतात, हसतात, आणि मग एकदा सुरुवात झाली की थांबत नाहीत. ते हसणं कापू नका, रेकॉर्डिंगमध्ये राहू दे. व्हॉट्सॲपवर व्हॉइस नोट मागवलीत तरी चालेल, फक्त ती ओपस फॉरमॅटमध्ये येते आणि जुन्या आयफोनवर वाजत नाही, म्हणून एमपी-थ्री करून घ्या, मोनो, ६४ केबीपीएस, म्हणजे एका मिनिटाला साधारण ४८० केबी. पान उघडताच आवाज लावायचा प्रयत्न करू नका, ब्राउझर तो अडवतात. पहिला स्पर्श झाल्यावर, म्हणजे पहिले दाणे सरकल्यावर आवाज सुरू करा, ते दिसायलाही बरोबर वाटतं.

आता परवानगीचं, आणि हे शेवटी सांगतेय म्हणून दुय्यम समजू नका. बघणारी जे नाव टाइप करेल ते तिच्या फोनबाहेर जाताच कामा नये. सर्व्हर नको, डेटाबेस नको, किती जणींनी काय लिहिलं ते मोजणंही नको. तिला हवं असेल तर ताटाचं चित्र तिने स्वतः सेव्ह करावं, तेवढं बटण द्या. ज्यांच्या मुलाखती घेतल्या त्यांना आवाज वापरायचा का, नाव वापरायचं का, गावाचं नाव चालेल का, हे तीन वेगळे प्रश्न विचारा आणि उत्तर लिहून किंवा आवाजात घ्या. नाव बदललं तरी आवाजावरून गावात ओळखतात, हे त्यांना आधीच सांगा, सासरी ऐकलं गेलं तर चालेल का असं सरळ विचारा. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलींसाठी पालकांची परवानगी लागते, पण मला विचाराल तर मुलीची स्वतःची तयारी नसेल तर पालक हो म्हणाले तरी घेऊ नका.

साइट ठेवायला गिटहब पेजेस ही फुकट सोय पुरेशी आहे, आपलं सगळं पाच-सात एमबीत बसतं. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, फुकटच्या अकाउंटवर ते रेपॉझिटरी, म्हणजे फाइल्स ठेवायचं फोल्डर, सगळ्यांना उघडी असेल तरच चालतं, म्हणजे तुम्ही त्यात टाकलेली प्रत्येक फाइल कुणीही बघू शकतं. मूळ रेकॉर्डिंग, खऱ्या नावांची यादी, संमतीचे कागद यातलं काहीही तिथे टाकायचं नाही, फक्त एडिट केलेल्या फाइल्स. आणि फाइल डिलीट केली तरी गिटच्या, म्हणजे त्यामागे प्रत्येक बदल नोंदवणाऱ्या प्रोग्रामच्या, जुन्या इतिहासात ती राहते. उद्या एखादी म्हणाली माझा आवाज काढा, तर नुसतं डिलीट करून ‘काढला’ सांगणं खोटं ठरेल, इतिहासातूनही काढा किंवा ती रेपॉझिटरी पुसून नवी करा. म्हणूनच मी आवाजाच्या फाइल्स गिटमध्ये न ठेवता साध्या होस्टिंगवर ठेवायला सांगते, तिथे डिलीट म्हणजे डिलीट, फक्त होस्टिंगच्या बॅकअपचं विचारून घ्या.

लोकांना लिंक पाठवायच्या आधी ज्यांचे आवाज आहेत त्यांना दाखवा, त्यांच्या हातात फोन द्या आणि तुम्ही बाजूला बसा. कसं वापरायचं ते सांगू नका. बोट कुठे जातं, कुठे अडतं ते बघा. कुणी जुनं नाव न मोडता कडेकडेने नवीन लिहायचा प्रयत्न करेल, कुणी दोन्ही नावं एकात एक लिहील, कुणी सगळे दाणे ढकलून ताटच रिकामं करेल. हे सगळं चालू द्या, त्यासाठी कोडमध्ये कुठेही ‘चूक’, ‘परत प्रयत्न करा’ असला मेसेज ठेवू नका. नवीन नाव पूर्ण झालं की आपोआप पुढे नेणारं टायमरही काढून टाका. पुढे जायचं बटण कोपऱ्यात असू दे, ज्या वेळी दाबायचं त्या वेळी ती दाबेल. आणि या पहिल्या बघण्यात कुणी नको म्हणाली तर तिचा भाग त्याच दिवशी काढा, कारण विचारायची गरज नाही.