क्रेन नसेल तर इंजिन खालून चढवा

क्रेन किंवा चेन ब्लॉक (साखळीने वजन उचलायची कप्पी) नसेल तर इंजिन गाडीत वरून सोडण्याचा हट्ट नको. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या बऱ्याच गाड्यांत इंजिन आणि गिअरबॉक्स बाहेर जोडून, ट्रॉलीवरून आत सरकवून खालून चढवता येतात.

इंजिन आणि गिअरबॉक्स जोडताना क्लच प्लेट आधी अलाइनमेंट टूलने (प्लेट मधोमध धरणाऱ्या दांड्याने) मधोमध आणा. गिअरबॉक्स बोटभर फट ठेवून अडला, तर बोल्ट आवळून ओढायचा मोह टाळा. हाउसिंगला, म्हणजे गिअरबॉक्सच्या कवचाला, तडा जाऊ शकतो. गिअर टाकून ठेवा आणि क्रँक पुलीच्या (इंजिनच्या मुख्य दांड्याच्या टोकावरच्या चाकाच्या) बोल्टला पाना लावून इंजिन हळूच फिरवा. गिअरबॉक्सच्या शाफ्टचे आणि क्लच प्लेटचे दाते जुळले की फट हातानेच मिटते. हे काम घाईने कधीच होत नाही.

गाडी किती उचलायची ते ट्रॉलीसह इंजिनची उंची मोजून आधीच ठरवा. जमीन सपाट आणि पक्की हवी, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी अडण हवी, आणि बॉडी मजबूत जॅक स्टँडवर टेकलेली हवी. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हातसुद्धा घालू नका. एक माणूस मदतीला असलाच पाहिजे.

आत सरकवलेलं इंजिन जॅकने वर चढवायचं. ऑइल संपचा (इंजिनच्या तळाच्या तेलाच्या भांड्याचा) पत्रा बऱ्याचदा पातळ असतो, म्हणून जॅक आणि संप यांच्यामध्ये जाड, रुंद फळी ठेवा. थोडं उचला, थांबा, वायरिंग आणि होज कुठे अडकत नाहीत ना ते बघा, मग पुढे. इंजिन बॉडीला धरणाऱ्या माउंटिंगचे सगळे बोल्ट आधी हाताने लावा. शेवटचा बसल्यावरच टॉर्क रेंच (बोल्ट ठरलेल्या जोराने आवळायचा पाना) हातात घ्या.