वायफाय डोंगल सीडी होऊन बसतं तेव्हा

लिनक्स मिंट २२ (विंडोजऐवजी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टिम) टाकलेल्या जुन्या डेस्कटॉपला रिअलटेक ८८११सीयू चिपचं यूएसबी वायफाय डोंगल लावलं. नेटवर्कच्या यादीत काहीच नाही, फाइल मॅनेजरमध्ये मात्र सीडीचं चिन्ह हजर! उघडलं तर आत विंडोजचा सेटअप.

टर्मिनलवर 'एलएसयूएसबी' ही जोडलेली यूएसबी उपकरणं दाखवणारी कमांड दिली, डोंगलचा ओळख क्रमांक म्हणजे आयडी आला ०बीडीए:१ए२बी. मेख इथेच होती. अशी डोंगलं आधी सीडी ड्राइव्हचं सोंग घेतात, म्हणजे विंडोजवाल्याला ड्रायव्हर (उपकरण चालवणारं सॉफ्टवेअर) आतूनच मिळतो. त्यांची सोय, आपल्याला ताप. त्या सीडीवर राइट क्लिक करून 'इजेक्ट' केलं. पुन्हा पाहिलं तर आयडी ०बीडीए:सी८११, आणि लगेच घरच्या वायफायचं नाव दिसलं. ड्रायव्हर वेगळा टाकावा लागला नाही. या चिपचा आरटीडब्ल्यू८८ ड्रायव्हर कर्नल (लिनक्सचा गाभा) ६.२ पासून आतच आहे, आणि मिंट २२ चा कर्नल ६.८.

रीबूट केल्यावर पुन्हा सीडी. रोज कोण इजेक्ट करत बसणार? सीडीचं सोंग उतरवणारं 'यूएसबी-मोडस्विच' पॅकेज आहे ना, ते सीडीवाला १ए२बी आयडी दिसला की आपोआप चालेल असा यूडेव्हचा (उपकरण जोडलं की काय करायचं ते ठरवणाऱ्या लिनक्सच्या भागाचा) नियम लिहून टाकला. ६.२ च्या आधीच्या कर्नलवर मात्र ड्रायव्हरचा कोड बाहेरून आणून कंपाइल करावा लागतो, म्हणजे त्यातून चालणारा ड्रायव्हर बनवावा लागतो, आणि हे काम आपोआप करणारं डीकेएमएस नसेल तर प्रत्येक कर्नल अपडेटला पुन्हा तेच दळण.