सोयाचे धुरकट बेकन बिट्स: आधी काय काय हाताशी हवं

बेकन बिट्स म्हणजे धुरावलेल्या डुकराच्या मांसाचा कुरकुरीत चुरा, सूप-सॅलडवर भुरभुरायचा. इथे तो सोयाचा, मांस आणि दूध दोन्ही टाळून; धुराचा वास निखाऱ्यावर तेल टाकून, झाकून द्यायचा. सगळ्यात आधी झाकण. ज्या पातेल्यात धुरी द्यायची त्यावर घट्ट बसणारं, काठाशी फट न राहणारं, आत वाटी ठेवल्यावरही नीट टेकणारं. गॅस पेटवण्याआधी एकदा बसवून बघा आणि ओट्यावर, उजव्या हाताशी ठेवा. गेल्या वेळी निखाऱ्यावर तेल पडलं तेव्हा झाकण मांडणीत होतं. सापडेपर्यंत धूर घरभर आणि सोया कोरा.

सामानात सोया ग्रॅन्युल्स एक कप. चंक्स आणून मिक्सरला फिरवू नका, निम्म्याचं पीठ होतं. सोया सॉस दोन मोठे चमचे, काकवी एक, तेल दोन, काश्मिरी मिरचीपूड, लसूणपूड. ताजा लसूण नको, भाजताना करपून कडू होतो. स्मोक्ड पॅप्रिका (धुरावलेली मिरचीपूड) असेल तर जरूर घाला, पण तिच्यावर भागवू नका. मीठ अजिबात नाही: सोया सॉसमध्ये भरपूर असतं आणि पाणी आटलं की खारटपणा आणखी वर येतो.

पाणी मोजून, पाऊण कप, कडकडीत. पाकिटावर उकळून पिळून घ्यायला सांगितलेलं असतं, ते भाजीसाठी. इथे तसं केलंत तर सोया साध्या पाण्यानेच फुगून बसतो, मसाला आत जात नाही आणि तासभर भाजला तरी लिबलिबीत राहतो. सगळा मसाला आणि तेल त्या गरम पाण्यात कालवा, ते सोयावर ओता, दहा मिनिटं थांबा.

कोळसा लाकडी हवा. लवकर पेटावा म्हणून रसायन लावलेला आणू नका, तोच वास खाण्यात उतरतो. घरात फक्त इंडक्शन असेल तर कोळसा कुठे पेटवणार ते आधी ठरवा. चिमटा घ्या, वाटी स्टीलची घ्या, काचेची तडकते. खिडकी उघडी ठेवाच, कारण जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो आणि त्याला वास नसतो. धुरीला हात सवयीने तुपाकडे जातो, पण तूप दुधाचं. इथे शेंगदाणा तेल.

धुरी भाजण्याआधी द्या. ओलसर, तेलकट दाणा धूर चांगला धरतो. झाकण कुठे आहे? हातात घ्या. सोयाच्या मधोमध वाटी, वाटीत लालबुंद निखारा, त्यावर अर्धा चमचा तेल, आणि त्याच क्षणी झाकण. दाट धूर पहिल्या अर्ध्या मिनिटातच येतो, तेवढाच कामाचा. दहा मिनिटं उघडून बघू नका. नंतर झाकणाच्या आतल्या बाजूला पिवळसर थेंब दिसले, तर धूर आतच राहिला. झाकण कोरडं आणि स्वच्छ असेल तर नवा निखारा घ्या, पुन्हा द्या.

मग ओव्हन, 150 अंश, पातळ थर, अर्धा तास, मधे दोन-तीनदा हलवून. काकवीमुळे कडेचे दाणे आधी काळे पडतात, तिकडे लक्ष ठेवा. कढईत मंद आचेवरही होतात.

पूर्ण गार झाल्यावरच बाटलीत भरा, नाहीतर सादळतात. आठवड्यात संपवा. सूप असो की सॅलड, वरून वाढतानाच घाला.