सर्व्हरवरच्या फोल्डरमध्ये वाट न चुकता कसं फिरायचं?

शाळेची, वाचनालयाची, दुकानाची वेबसाइट आता लातूर-परभणीत घरी बसून सांभाळता येते. गोंधळ होतो तो सर्व्हरमध्ये, म्हणजे वेबसाइटच्या फाइली जिथं असतात त्या कॉम्प्युटरमध्ये, शिरल्यावर, कारण आपण नेमके कोणत्या फोल्डरमध्ये आहोत हेच कळत नाही. इथं सर्व्हरवर फाइली चढवायचं-उतरवायचं फाइलझिला हे मोफत सॉफ्टवेअर धरून सांगतो.

आधी ‘साइट मॅनेजर’ उघडून होस्टिंगवाल्यानं (सर्व्हरवर जागा देणाऱ्यानं) दिलेलं होस्टचं नाव, युजरनेम आणि पासवर्ड भरा. एसएफटीपी (फाइली आणि पासवर्ड सुरक्षित पाठवायची पद्धत) मिळत असेल तर तेच घ्या. त्याचा पोर्ट (जोडणीचा क्रमांक) सहसा 22 असतो. साध्या एफटीपीत, म्हणजे फाइली पाठवायच्या जुन्या पद्धतीत, पासवर्ड उघडाच जातो, त्यामुळं बसस्टँडच्या फुकट वायफायवर ते वापरूच नका.

जोडणी झाली की डावीकडं तुमचा कॉम्प्युटर, उजवीकडं सर्व्हर. उजव्या बाजूला वर ‘रिमोट साइट’ची पट्टी असते. काहीही करण्याआधी ती वाचायची, ही सवय लावूनच घ्या. फोल्डरवर डबल क्लिक केलं की आत, यादीत सगळ्यात वरच्या दोन टिंबांवर केलं की एक पायरी बाहेर. पत्ता माहीत असेल तर पट्टीतच टाइप करून एंटर दाबा.

वेबसाइट बहुधा ‘पब्लिक_एचटीएमएल’मध्ये असते. तिच्या बाहेरच्या मेल, लॉग वगैरे फोल्डरांना हात लावू नका. साइट वर्डप्रेस या वेबसाइट बनवायच्या सॉफ्टवेअरवर असेल तर ‘डब्ल्यूपी-कंटेंट’, मग ‘अपलोड्स’, पुढं वर्ष आणि महिना. 2024च्या मुक्तिसंग्राम दिनाचे, 17 सप्टेंबरचे फोटो त्याच दिवशी चढवले असतील तर ते 2024च्या आत 09मध्ये सापडतील. पत्ता टाइप करताना कॅपिटल-स्मॉल अक्षरं जशीच्या तशी हवीत. लिनक्स प्रणालीवर चालणाऱ्या सर्व्हरला ती वेगळी वाटतात.

दोन्हीकडं फोल्डरांची रचना सारखी असेल तर कंट्रोल आणि वाय दाबा. मग एका बाजूला आत शिरलं की दुसरी बाजूही सोबत येते. फार कामाची सोय आहे ही.

मध्येच लाइट गेली, नेट तुटलं, तर पुन्हा जोडून एफ5 दाबा, कारण समोरची यादी जुनी असू शकते.

सगळ्यात जपायचं ते माऊसला. उजव्या बाजूला फोल्डर जरा ओढला गेला की तो शेजारच्या फोल्डरात जाऊन बसतो आणि साइटवरचे फोटो दिसेनासे होतात. असं झालं तर आधी शेजारचे फोल्डर उघडून बघा. सापडला की ओढून जागेवर आणा. डिलीट केलेल्याचं मात्र तसं नाही. इथं रिसायकल बिन नसतो, म्हणून काही काढायचं असेल तर तो फोल्डर आधी डावीकडं उतरवून घ्या.